पाय मागे घेतला, पण ब्रेकचे काय?

जुनी मोटारसायकल विकत घ्यायची, ती पार सुटी करायची आणि आपल्या मनासारखे रूप देऊन पुन्हा रस्त्यावर आणायची, हा छंद पुण्या-मुंबईत आता चांगलाच रुजला आहे. मद्रासमध्ये १९५५ पासून तयार होऊ लागलेली बुलेट, म्हैसूरच्या कारखान्यातून १९९६ पर्यंत बाहेर पडत राहिलेली जावा आणि येझ्दी, ऐंशीच्या दशकातली साडेतीनशे सीसीची राजदूत या गाड्यांभोवती हौशी मंडळींचा मोठा गोतावळा जमला आहे. टाकीचा रंग, आसनाचा आकार, हँडलची उंची, सायलेन्सरचा आवाज यांवर तासन्‌तास चर्चा होते. मागच्या ब्रेकच्या रॉडबद्दल मात्र कोणी फारसे बोलत नाही.

वस्तुतः गाडीचे रूप बदलताना सर्वांत आधी धक्का पोहोचतो तो या रॉडलाच. ब्रिटिश धाटणीच्या 'कॅफे रेसर' गाडीसारखी बैठक हवी म्हटले, की हँडल खाली येते आणि पाय ठेवायच्या खुंट्या, म्हणजे फूटरेस्ट, मागे सरकतात. फूटरेस्ट मागे गेले की ब्रेकचे पॅडलही मागे न्यावे लागते. पॅडल मागे गेले की रॉड आखूड होतो, त्याचा कोन बदलतो, तो बसवण्याची जागा बदलते. पुष्कळदा हे काम शेवटच्या दिवशी, एक सळई कापून, तिच्या टोकाला आटे पाडून उरकले जाते. गाडी दिसते देखणी, पण ती थांबवण्याचा हिशेब कोणी केलेलाच नसतो. तो हिशेब अवघड नाही. शाळेत शिकलेली तरफ आणि काटकोन एवढ्यावर तो उलगडतो.

मागच्या ब्रेकचे महत्त्व

ब्रेक लागताच गाडीचा भार पुढच्या चाकाकडे सरकतो, त्यामुळे थांबवण्याचे मोठे काम पुढचा ब्रेकच करतो, हे खरे आहे. तथापि जुन्या गाड्यांचे पुढचे ब्रेकही ड्रमचेच आणि बेताचेच. परदेशात पुढे डिस्क मिरवणाऱ्या यामाहाच्या मूळ गाडीला आपल्याकडे राजदूतच्या रूपात पुढेही ड्रमवरच समाधान मानावे लागले होते. त्यात मागे माणूस बसलेला असला की मागच्या चाकावरचा भार वाढतो आणि त्या चाकाला थांबवण्याची ताकदही वाढते. ओल्या रस्त्यावर, खडीवर, घाटाच्या उतारावर गाडीचा वेग हलक्या हाताने धरून ठेवायचा तर मागच्याच ब्रेकचा आधार लागतो.

आजच्या नव्या गाडीत चालकाची चूक सावरून घेणारी यंत्रणा असते. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या इंजिनाच्या नव्या दुचाकींना चाक जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा आणि त्याहून लहान दुचाकींना दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी यंत्रणा बंधनकारक झाली. जुन्या बुलेटमध्ये यातले काहीही नाही. तिथे चालकाचा पाय आणि ड्रममधले शू यांच्यामध्ये फक्त दोन तरफा आणि एक सळई असते. त्यामुळे फेरफार करताना ब्रेक अधिक 'कडक' करणे हा हेतू असूच नये. मुळात मिळत होते तेवढेच बळ, तितक्याच बारीक नियंत्रणासह, पायाच्या नव्या जागेवरून मिळाले पाहिजे. बळ कमी पडले तर गाडी थांबत नाही. ते एकदम आणि अनावर आले तर मागचे चाक घसरते.

ड्रमच्या आत काय घडते

चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्यासारख्या भागाला ड्रम म्हणतात. जुन्या बुलेटचा मागचा ड्रम सहा इंच व्यासाचा. त्याच्या आत अर्धचंद्राकृती दोन शू असतात आणि त्यांच्या पाठीवर घर्षणाचे अस्तर, म्हणजे लायनर, चिकटवलेले असते. शूंची एकेक टोके एका खुंटीवर टेकतात. दुसऱ्या टोकांच्या मध्ये चपटा कॅम असतो. कॅमचा दांडा ड्रमच्या झाकणातून बाहेर येतो आणि त्यावर एक आर्म बसवलेला असतो. पॅडल दाबले की रॉड हा आर्म पुढे ओढतो, कॅम वळतो, शू फाकतात आणि ड्रमला घासतात.

या दोन शूंचे स्वभाव निराळे असतात. चाक ज्या दिशेने फिरते त्या दिशेत एक शू घर्षणामुळे आपोआप ड्रममध्ये अधिक रुतत जातो, म्हणजे पायाच्या जोरात स्वतःची भर घालतो. दुसऱ्याला तेच घर्षण मागे ढकलते. गाडी चढावर उभी असताना मागे घसरू लागली तर दोघांच्या भूमिका बदलतात, पण एकूण परिणाम साधारण तोच राहतो. पुढच्या चाकात दोन्ही शू स्वतःहून रुतणारे बसवण्याची पद्धत अनेक गाड्यांत दिसते. मागे मात्र एक-एक अशी जोडी ठेवण्याचे हेही एक कारण आहे. खंडाळ्याच्या चढावर गाडी पायावर धरून ठेवायची वेळ आली, तर हीच रचना उपयोगी पडते.

चाळीस पट जोर, चाळीस पट चाल

आता हिशेबाकडे वळू. समजण्यासाठी सोपे आकडे घेऊ. गाडीगणिक ते बदलतील, पण पद्धत तीच राहील. पॅडलच्या खिळीपासून पाय पडतो ती जागा २४० मिलिमीटरवर आहे आणि रॉड जोडलेला पॅडलचा आखूड हात ६० मिलिमीटरचा आहे. म्हणजे पायाचा जोर चौपट होतो. ड्रमवरचा आर्म १०० मिलिमीटरचा आणि कॅमची शूला ढकलणारी कड मध्यापासून १० मिलिमीटरवर आहे. म्हणजे इथे तो दहापट होतो. एकूण चाळीस पट. पायाने २० किलोचा जोर लावला, तर घर्षणात वाया जाणारा अंश सोडला तर, दोन्ही शूंना मिळून ८०० किलोचा रेटा मिळतो.

हे बळ फुकट मिळत नाही. जोर जितक्या पटींनी वाढतो, तितक्याच पटींनी चाल वाढते. शू आणि ड्रम यांच्यामध्ये अर्धा मिलिमीटर फट असेल, तर ती भरून काढण्यासाठी आर्मचे टोक ५ मिलिमीटर आणि पॅडल २० मिलिमीटर खाली जावे लागते. त्यानंतर कुठे ब्रेक लागू लागतो. 'मोठा आर्म लावा, ब्रेक जबरदस्त होईल' असा सल्ला सर्रास दिला जातो. १०० ऐवजी १२५ मिलिमीटरचा आर्म लावला, तर जोर पन्नास पट होतो खरा, पण तेवढ्याच फटीसाठी पॅडल २५ मिलिमीटर खाली जाते. लायनर थोडे झिजले, लांब उतारावर ड्रम तापून प्रसरण पावला, की फट वाढते आणि पॅडल फूटरेस्टच्या खाली, बुटाचा चवडा पोहोचणार नाही इतके खोल जाते. भरपूर ताकदीचा ब्रेक असूनही तो लावायला जागाच उरत नाही.

फूटरेस्ट मागे नेताना याच्या उलट घडते. मागे बसवायचे पॅडल जागेअभावी लहान असते. समजा, ते १३० मिलिमीटरचे आणि त्याचा आखूड हात ४० मिलिमीटरचा आहे. गुणोत्तर चारवरून सव्वातीनवर येते आणि एकूण पट चाळीसवरून साडेबत्तीसवर उतरते. पूर्वीइतकाच ब्रेक लागण्यासाठी पायाला जवळजवळ पावपट अधिक जोर लावावा लागतो. त्यातच गुडघे मुडपून बसलेल्या चालकाला पूर्ण पायाचे वजन पॅडलवर टाकता येत नाही, सारे काम घोट्यावर येते. म्हणजे जोर अधिक लागतो आणि लावायची सोय कमी होते.

यावर दोन उपाय आहेत. पॅडलचा आखूड हात ४० ऐवजी साडेबत्तीस मिलिमीटर करावा, किंवा ड्रमवरचा आर्म १०० ऐवजी १२३ मिलिमीटरचा घ्यावा. दोन्हींत मूळची चाळीस पट परत मिळते आणि अर्ध्या मिलिमीटरच्या फटीसाठी पायाची चालही पूर्वीइतकीच, २० मिलिमीटर राहते. मात्र आता पॅडल लहान असल्याने तेवढ्याच चालीत ते अधिक कोनातून फिरते, म्हणून त्याच्या खाली मोकळी जागा पुरेशी आहे ना, हे आधी पाहावे. गाडी सुटी करण्यापूर्वी ही चार मापे वहीत टिपून ठेवली, तर पुढचे निम्मे प्रश्न उद्भवतच नाहीत.

काटकोनाचे महत्त्व

हा हिशेब पूर्ण खरा ठरतो तो रॉड आणि ड्रमवरचा आर्म एकमेकांशी काटकोनात असतील तेव्हाच. दार उघडताना आपण ते काटकोनात ओढतो. तिरके ओढले तर जोर वाया जातो. तसेच हे आहे. कोन काटकोनापासून १५ अंशांनी ढळला तर नुकसान नगण्य, तीन-साडेतीन टक्क्यांचे असते. ३० अंशांनी ढळला तर १३ टक्के, ४५ अंशांनी ढळला तर जवळपास तीस टक्के आणि ६० अंशांनी ढळला तर निम्मे बळ वाया जाते.

हा काटकोन कोणत्या क्षणी हवा? पॅडल मोकळे असताना नव्हे, तर शू ड्रमला टेकून ब्रेक धरू लागतो त्या क्षणी. म्हणून मोकळ्या अवस्थेत आर्म किंचित मागे झुकलेला असावा आणि ब्रेक लागताना तो काटकोनाकडे यावा. लायनर झिजत जाते तसा मागचा नट आवळला जातो आणि आर्म हळूहळू पुढे सरकतो. नव्या लायनरवर काटकोन जेमतेम येईल अशी मांडणी केली, तर झिजलेल्या लायनरवरही नुकसान थोडेच राहते.

पॅडलच्या टोकाला हिशेब थोडा वेगळा आहे. तिथे कोन काटकोनापासून दूर गेला तर रॉडवरचा ताण वाढतो, पण रॉड सरकतो कमी. पाय बराच खाली जातो आणि ड्रमच्या आत काही घडत नाही. गाडी थांबेल याची खात्री नसते. नवे पॅडल बसवताना त्याचा आखूड हात कसातरी वेड्यावाकड्या कोनात ठेवला, की हा अनुभव हमखास येतो.

इथे एका धोकादायक युक्तीबद्दल सावध करणे आवश्यक आहे. बहुतेक आर्म कॅमच्या दांड्यावर बारीक दात्यांवर बसतात. नटाचे आटे संपले, तरी ब्रेक धरत नाही असे झाले, की आर्म काढून एक दाता मागे बसवायचा ही युक्ती अनेक ठिकाणी वापरली जाते. ब्रेक पुन्हा लागू लागतो आणि गिऱ्हाईक खूश होते. पण लायनर संपल्याची सूचना त्या आर्मची स्थितीच देत असते. ती सूचना आपण पुसून टाकलेली असते. लायनर फारच झिजले, की शू फाकवण्यासाठी कॅमला जवळजवळ आडवे व्हावे लागते. तसा तो झाला, की शूच्या स्प्रिंगा त्याला परत वळवू शकत नाहीत आणि ब्रेक लागलेलाच राहतो. चालत्या गाडीचे मागचे चाक जाम होणे म्हणजे काय, हे सांगण्याची गरज नाही. एक दाता सरकवणे योग्य ठरते ते नवे लायनर घालून, नवी भूमिती मांडताना. झीज लपवण्यासाठी कधीच नव्हे.

खड्ड्यात चाक उचलले, की...

स्टँडवर उभी असताना उत्तम वाटणारा ब्रेक रस्त्यावर निराळा का वागतो, याचे उत्तर मागच्या चिमट्यात आहे. मागचे चाक धरणारा आणि चौकटीला बिजागरीसारखा जोडलेला जो भाग असतो, त्याला गॅरेजच्या भाषेत चिमटा म्हणतात. खड्डा आला, की चिमट्यासकट चाक वर-खाली होते. पण रॉडचे पुढचे टोक पॅडलला, म्हणजे न हलणाऱ्या चौकटीला जोडलेले असते आणि मागचे टोक हलणाऱ्या चाकाजवळ. या दोन टोकांमधले अंतर चाकाच्या हालचालीबरोबर बदलू लागले, तर पाय न लावताच ब्रेक लागतो किंवा लावलेला ब्रेक सुटतो.

हे अंतर किती बदलेल, ते रॉडची रेषा चिमट्याच्या बिजागरीपासून किती दूर आहे यावर ठरते. रेषा बिजागरीतून जात असेल तर बदल जवळजवळ शून्य. रेषा बिजागरीच्या ४० मिलिमीटर खालून जात असेल आणि खड्ड्यात चिमटा ८ अंश वर उचलला गेला, तर अंतर सुमारे साडेपाच मिलिमीटरने वाढते. मघाचा हिशेब आठवावा. शूची पूर्ण फट भरून काढायला आर्मचे टोक ५ मिलिमीटर सरकणे पुरे होते. म्हणजे प्रत्येक मोठ्या खड्ड्यात हा ब्रेक आपणहून लागेल. रेषा बिजागरीच्या वरून जात असेल तर उलट घडते. चाक वर उचलले की ब्रेक सैल होतो आणि ते खाली पडताना घट्ट होतो. मागे माणूस बसला, चिमटा कायमचाच थोडा वर गेला, की ब्रेकची मोकळी चाल बदललेली आढळते ती यामुळेच.

मूळ कारखान्याने पॅडलची खिळी आणि रॉडची रेषा हे सारे तोलून ठरवलेले असते. फूटरेस्ट मागे नेताना पॅडलची खिळी बिजागरीच्या मागे, वर किंवा खाली कुठेही जाऊ शकते. तेव्हा शक्यतो रॉडचे पुढचे टोक बिजागरीच्या जवळ येईल अशी जागा निवडावी. रॉड जितका आखूड, तितकी ही चूक अधिक जाणवते. चिमटा लांब केलेल्या किंवा शॉकअब्सॉर्बर बदलून मागची उंची वाढवलेल्या गाडीत हे पुन्हा नव्याने तपासावे लागते.

याच संदर्भात आणखी एका भागाचा उल्लेख हवा. ब्रेक लागताच ड्रम आपल्याबरोबर झाकणालाही फिरवू पाहतो. त्याला अडवून धरणारा आधार काही गाड्यांत स्वतंत्र पट्टीच्या रूपाने, तर काहींत थेट चिमट्यावरच्या खाचेत असतो. गाडी थांबवणारे सगळे बळ याच आधारातून जाते. तो सैल राहिला किंवा त्याचा बोल्ट हलक्या दर्जाचा असला, तर झाकण गरकन फिरते, रॉड वाकतो आणि ब्रेक नाहीसा होतो. रूपासाठी ही पट्टी काढून टाकणे किंवा बारीक करणे म्हणजे उघड धोका पत्करणे होय.

डावा पाय, उजवा पाय

जुन्या बुलेटबाबत एक खास प्रश्न आहे. ब्रिटिश परंपरेप्रमाणे तिचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असे. जगातल्या इतर बऱ्याच गाड्यांत हे उलट होते. १९७० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेने डावीकडे गिअर आणि उजवीकडे ब्रेक हीच मांडणी नियमाने सक्तीची केली, तेव्हा तिथे गाड्या विकणाऱ्या ब्रिटिश कंपन्यांना बाजू बदलणे भाग पडले. बुलेटने मात्र आपल्याकडे उजवा गिअर पुढेही अनेक वर्षे सांभाळला आणि डाव्या गिअरची बुलेट आपल्या रस्त्यांवर रुळली ती या शतकातच.

रोज नवी गाडी चालवणाऱ्याने रविवारी जुनी बुलेट काढली, तर आणीबाणीच्या क्षणी त्याचा उजवा पाय सवयीने ब्रेक शोधतो आणि गिअर दाबतो. म्हणून जुन्या बुलेटचा ब्रेक उजवीकडे आणण्याची मागणी वरवरची म्हणता येत नाही. अडचण अशी, की तिचा मागचा ड्रम डावीकडे, साखळीच्या बाजूला असतो. पॅडल उजवीकडे नेले, तरी जोर शेवटी डावीकडेच पोहोचवावा लागतो. त्यासाठी गाडीच्या पोटातून आडवा दांडा न्यायचा, त्याच्या दोन्ही टोकांना एकेक आर्म बसवायचा, हा रूढ मार्ग आहे.

हा दांडा पिळवटतो, हे लक्षात घेतले जात नाही. दांड्याचा पिळाला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. १२ मिलिमीटरऐवजी १६ मिलिमीटरचा भरीव दांडा घेतला, तर तो तिपटीहून अधिक ताठ होतो. बारीक दांडा पायाचा जोर स्वतःच्या पिळात गिळतो आणि पॅडल स्पंजासारखे मऊ लागते. दांडा दोन्ही बाजूंनी बुशमध्ये फिरावा, बुशला ग्रीस देण्याची सोय असावी आणि आर्म दात्यांवर किंवा चावीच्या खाचेत बसवून बोल्टने आवळावेत. प्रत्येक सांध्यातली ढिलाई पॅडलपाशी कित्येक पटींनी मोठी होऊन जाणवते, म्हणून सांधे जितके कमी तितके बरे.

दांड्याऐवजी केबल टाकणे सोपे असते आणि चिमटा हलला तरी केबल ते सहज सोसते. पण केबलला वळणे फार दिली, तर घर्षणात जोर जातो. बाहेरचे आवरण दबते, आतली तार ताणते. केबल वापरायचीच असेल, तर ती जाड, मागच्या ब्रेकसाठीच बनवलेली घ्यावी, वळणे मोठी ठेवावीत आणि सायलेन्सरपासून ती दूर न्यावी. क्लचची केबल इथे चालणार नाही.

वेल्डिंगचा मोह

रॉड ओढला जात असेल, तर आठ मिलिमीटरची साधी सळईही पुरते. पण पॅडल मागे नेताना काही मांडण्यांत दिशा उलटते आणि रॉडला ओढण्याऐवजी ढकलावे लागते. ढकलताना तीच सळई धनुष्यासारखी वाकते. अशी मांडणी टाळावी, किंवा रॉडऐवजी जाड नळी वापरावी. सायलेन्सरला वळसा घालण्यासाठी सळईला बाक देणे हीदेखील नेहमीची चूक. ताण आला, की बाक सरळ होऊ पाहतो आणि सळई स्प्रिंगसारखी वागते. दोन्ही टोके एका सरळ रेषेत येत नसतील, तर सळईला बाक देण्यापेक्षा पॅडलच्या आखूड हाताची जागा बदलणे योग्य.

ड्रमवरचा आर्म कापून, मध्ये तुकडा घालून, वेल्डिंगने लांब करणे तर कटाक्षाने टाळावे. हे आर्म बहुधा घडीव पोलादाचे असतात. वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाशेजारची जागा ठिसूळ होते आणि वर क्रोमचा मुलामा दिला, की पडलेली चीरही दिसत नाही. हवा त्या लांबीचा, त्याच दात्यांचा दुसऱ्या गाडीचा आर्म शोधावा किंवा चांगल्या कारखान्यातून अखंड पट्टीतून नवा करून घ्यावा. खर्च थोडा वाढतो. पण टाकीच्या रंगावर हजारो रुपये घालवणाऱ्याने इथे हात आखडता घेऊ नये.

रस्त्यावर आणण्यापूर्वी

गाडी तयार झाल्यावरची तपासणी क्रमाने करावी. प्रथम मागचे शॉकअब्सॉर्बर काढून, चिमटा हाताने अगदी खालपासून वरपर्यंत न्यावा आणि प्रत्येक टप्प्यावर चाक फिरवून पाहावे. कुठेही ते घासता वा अडकता कामा नये. मग पॅडल दाबून, ब्रेक धरतो त्या क्षणी आर्मचा कोन पाहावा. पॅडल सोडताच ते झटकन परत यायला हवे. त्यासाठी स्वतंत्र स्प्रिंग आणि पॅडलला वर अडवणारा बोल्ट हवा. खिळीत स्प्लिट पिना आणि नटांना लॉकनट आहेत, मागचा दिवा पॅडल दाबताच लागतो, हेही पाहावे. पॅडल पूर्ण दाबल्यावर ते सायलेन्सरला वा फूटरेस्टला टेकत असेल, तर सारी मेहनत व्यर्थ आहे.

ड्रम उघडला असताना आतली धूळ हवेच्या झोताने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. ओल्या फडक्याने ती पुसून घ्यावी. नवे लायनर ड्रमवर पूर्ण टेकायला काही अंतर जावे लागते, तोवर ब्रेकची परीक्षा करून निष्कर्ष काढू नये. पहिली चाचणी रिकाम्या मैदानात, वीसच्या वेगाने घ्यावी. नंतर वेग वाढवावा. काही किलोमीटर ब्रेक न लावता गाडी चालवून ड्रमजवळ हात न्यावा. तो तापलेला असेल, तर शू कुठेतरी घासत आहेत. शेवटी मागे माणूस बसवून हीच चाचणी पुन्हा घ्यावी.

एवढी काळजी का घ्यायची, ते एका आकड्यावरून कळेल. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी दर सेकंदाला जवळपास १७ मीटर पुढे जाते. वेग दर सेकंदाला ६ मीटर प्रति सेकंद इतका घटवणारे ब्रेक तिला २३ मीटरमध्ये थांबवतात. हाच आकडा ४ वर आला, तर सुमारे ३५ मीटर लागतात. मधले १२ मीटर म्हणजे रस्ता ओलांडणारे एखादे मूल, समोर अचानक थांबलेली रिक्षा किंवा चौकातला बसचा मागचा भाग.

कायद्याची चौकट

कायद्याची बाजूही ध्यानात ठेवायला हवी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवून दिलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात नमूद असलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच तत्त्व ठामपणे मांडले. त्याच वर्षी कायद्यात झालेल्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार नियमबाह्य फेरफारासाठी प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. रॉडची लांबी नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेली नसते. पण रॉडसाठी चौकट कापणे, चिमटा लांब करणे, ही पायरी निराळी आहे. तिथे हात घालण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारणा करणे शहाणपणाचे.

ज्यांची गाडी पन्नास वर्षांहून जुनी आहे, त्यांच्यासाठी २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांचे स्वतंत्र नोंदणी नियम आणले. दुचाकीही त्यांत येतात. पण त्यासाठी गाडी मूळ रूपात असावी लागते, चौकटीत किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले चालत नाहीत, आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. तेव्हा व्हिंटेज म्हणून जपायची की आपल्या आवडीने घडवायची, हा निर्णय करवत हाती घेण्यापूर्वीच करायला हवा. दुसरा मार्ग निवडला, तरी काढलेला मूळ रॉड, पॅडल आणि आर्म तेल लावून जपून ठेवावेत. गाडी पुढे कधी मूळ रूपात आणायची झाली, तर हेच भाग शोधताना दमछाक होते.

जुन्या कारागिरांनी ही साधी दिसणारी सळई विचारपूर्वक त्या जागी ठेवली होती. ती हलवण्याचा अधिकार छांदिष्टाला जरूर आहे, पण ती तिथे का होती हे समजून घेतल्यानंतरच. चार मापे, एक काटकोन आणि चिमट्याच्या बिजागरीशी असलेले नाते एवढे सांभाळले, तर पाय मागे नेऊनही ब्रेक पूर्वीइतकाच भरवशाचा राहतो.